फिर्यादीतली ‘मी’

समीक्षा म्हटली की आपली पावले कविता, कथा, कादंबरी आणि फार तर नाटक यांच्या अंगणातच घोटाळतात. दिवाळी अंकांची तर तशी रीतच पडली आहे. परंतु जिने जन्मात पुस्तक उघडलेले नाही अशा बाईच्या नावावरही एखादा मजकूर असू शकतो, आणि तो चक्क प्रथमपुरुषी एकवचनी असतो, याकडे आपल्या समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. हा मजकूर म्हणजे पोलीस ठाण्यातली फिर्याद. ‘मी अमुक गावची राहणारी, मजुरी करते, समक्ष हजर राहून फिर्याद देते की...’ अशी तिची सुरुवात होते. आत्मचरित्राची सगळी लक्षणे तिच्यात सापडतात. ‘मी’ आहे, गाव आहे, पोटापाण्याचा धंदा आहे, घटना आहे, साक्षीला माणसे आहेत. लिहिणारा हात तेवढा दुसऱ्याचा असतो. आदिवासी स्त्रीच्या बाबतीत पुष्कळदा हेच तिचे पहिले आणि शेवटचे आत्मचरित्र ठरते. ते कोणी लिहिले, कोणत्या भाषेत लिहिले, तिच्या तोंडचे त्यात किती उरले, हे प्रश्न वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचे आहेत असे मला वाटत नाही.

आदिवासी स्त्रिया आणि पोलीस यांच्यात विश्वासाचे नाते निर्माण झाले पाहिजे, असे अलीकडे व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. ऐकायला बरे वाटते. पण वक्त्यांचा सगळा रोख त्या बाईने पोलिसांवर विश्वास टाकावा असा असतो. तिच्या शब्दावर ठाण्याने विश्वास टाकावा, ही गोष्ट मागे पडते. प्रस्तुत लेखात मी या दुसऱ्या बाजूने काही मजकूर वाचून पाहणार आहे. त्यांत निकालपत्र आहे, खुले पत्र आहे, नाटक-चित्रपट आहेत आणि पुस्तकेही आहेत.

आधी आपल्या मुलखाविषयी. मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात घरात मराठी, डोंगराकडच्या ढान्यांवर गोंडी आणि कचेरीत हिंदी, असा तिहेरी कारभार आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण आणि चांदा जिल्हा एकाच मध्य प्रदेशात होतो व राजधानी नागपूर होती. मग विदर्भ तिकडे गेला, छिंदवाडा इकडे राहिला. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, साहेब जवळ आले, पण कागदाची भाषा होती तीच आहे. पोलिसांच्या हिंदीला तर हिंदी म्हणणेही धाडसाचे आहे. फरियादिया, मुलजिम, हमराह, दस्तयाब, मर्ग, रोजनामचा ही सगळी फारसी-उर्दूची पिलावळ मोगलाईपासून ठाण्यात मुक्काम ठोकून बसली आहे. ज्या बाईने गोंडीमिश्रित मराठीत सांगितले, तिचा ‘मी’ या भाषेत गेला की तिला स्वतःलाच ओळखू येत नाही.

आमच्या हायस्कुलात कधीमधी एखादी बाई रिपोर्टाची प्रत घेऊन येते. ‘गुरुजी, याच्यात का लिवलं हाय थे सांगा ना जी,’ म्हणते. मी वाचतो. शिवीगाळीचे प्रकरण असले की एक वाक्य हटकून भेटते : गालियाँ दीं, जो सुनने में बुरी लगीं. सुरुवातीला मला याची गंमत वाटे. शिव्या कोणाला गोड लागतात! पुढे एका वकील मित्राने उलगडा केला. भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खाली, म्हणजे आजच्या न्याय संहितेच्या २९६ खाली, गुन्हा बसवायचा तर ऐकणाऱ्याला त्रास झाला पाहिजे. म्हणून ते वाक्य ‘तिच्या’ तोंडी घालावे लागते. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. किंबहुना तो तिची तक्रार टिकावी म्हणूनच तसे लिहितो. परंतु वाङ्मयीन दृष्टीने पाहिले तर इथे पात्राच्या तोंडी लेखकाची भाषा आली आहे, आणि कथेत हा दोष आपण लगेच पकडतो. कोर्टात मात्र तो दोष पात्राच्या माथी मारला जातो. उलटतपासणीत वकील विचारतो, ‘तुम्ही असे म्हणाला होता का?’ ती खरे सांगते, की नव्हते म्हटले. झाले! ती खोटी ठरली.

आता या विषयाच्या गाभ्याशी जाऊ. देशभर जो खटला एका आदिवासी मुलीच्या नावाने ओळखला जातो, त्याला मी इथे देसाईगंज खटला म्हणणार आहे. कायद्याच्या दप्तरात त्याचे नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे आहे, म्हणजे ते आरोपी हवालदाराचे नाव आहे. चळवळीने, वर्तमानपत्रांनी आणि पाठ्यपुस्तकांनी मात्र मुलीचेच नाव मिरवले. पुढे १९८३ साली कायदा बदलला तेव्हा अशा स्त्रीची ओळख उघड करणे हाच गुन्हा ठरला. पण जिच्यामुळे कायदा बदलला तिला त्याचे संरक्षण मिळाले नाही. आपल्या सहानुभूतीची ही एक खोड म्हटली पाहिजे.

हकीकत थोडक्यात अशी. २६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज, म्हणजे वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून दहा वर्षे होती. मजुरी करणारी चौदा ते सोळा वयाची एक अनाथ मुलगी. तिच्या भावाने ठाण्यात तक्रार दिली की तिला एका तरुणाच्या घरच्यांनी पळवून नेले आहे. ती तक्रार लिहून घेण्यासाठी सगळ्यांना ठाण्यावर आणले गेले. जबाब झाले, साडेदहाच्या सुमारास मंडळी निघाली. त्या वेळी ठाण्यातल्या शिपायाने मुलीला मागे थांबवले. बाकीचे बाहेर उभे. दिवे गेले, दार लागले. तिने नंतर सांगितले की शिपायाने बलात्कार केला व दारू प्यायलेल्या हवालदाराने अंगाला हात लावला. बाहेर जमाव जमला, ठाणे पेटवण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा कुठे घरी गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला बोलावले गेले आणि त्याने तिचा जबाब लिहून घेतला. तीच फिर्याद ठरली. म्हणजे ज्या ठाण्यात घडले, त्याच ठाण्यात, त्याच खात्याच्या हाताने तिचा ‘मी’ कागदावर उतरला. बाहेर गर्दी नसती तर तोही उतरला असता की नाही, याचा वाचकांनीच विचार करावा.

१ जून १९७४ ला सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. मुलगी खोटारडी आणि शरीरसंबंधांना सरावलेली आहे, असा न्यायाधीशांचा अभिप्राय होता. १२ ऑक्टोबर १९७६ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला, शिपायाला पाच वर्षे व हवालदाराला एक वर्ष सजा दिली, आणि भीतीपोटी अंग टाकून देणे म्हणजे राजी असणे नव्हे, असा भेद केला. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो भेद पुसून दोघांना निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, शिपायाने हात धरला तेव्हा ती ओरडली का नाही, असा एकूण युक्तिवाद.

मी हे निकालपत्र भाषेचा शिक्षक म्हणून वाचले. कायद्याचा अधिकार मला नाही. वाचताना जाणवते ते हे की त्यात मुलीच्या मौनाचा अर्थ लावला आहे, मात्र ते मौन कोणत्या जागेतले आहे याचे वर्णनच नाही. रात्र आहे, ठाणे आहे, समोर वर्दी आहे, बाहेर घरचे लोक हात बांधून उभे आहेत. एखाद्या कथालेखकाने इतका महत्त्वाचा स्थळकाळ गाळून पात्राचे मन सांगितले असते तर आपण त्याला पोरकट म्हटले असते. गरीब माणूस ठाण्यात ओरडत नाही. तो ‘जी साहेब’ म्हणतो. आपल्या मुलखातला सातवीतला पोरगा हे सांगेल.

बरोबर एका वर्षाने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले : उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्यांतली शेवटची दोन नावे मराठी आहेत, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट. तरी मराठी समीक्षेत या पत्राला गद्याचा नमुना म्हणून कोणी वाचल्याचे माझ्या वाचनात नाही. पत्र इंग्रजीत आहे. त्याची ताकद त्यातल्या संतापात शोधणाऱ्याचा हिरमोड होईल. ती आहे त्यातल्या प्रश्नांच्या नेमकेपणात. संमती आणि शरण जाणे यांत फरक आहे की नाही? संमतीत शरण जाणे असते; पण शरण जाण्यात संमती असतेच असे नाही. मग ते आणखी एक पाऊल पुढे जातात, आणि मला हे पाऊल सर्वांत मोलाचे वाटते. ते विचारतात की या मुलीला रात्री ठाण्यावर आणलेच कसे? फौजदारी प्रक्रियेचे कलम १६० सांगत होते की स्त्रीची चौकशी तिच्या राहत्या जागीच करावी. त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्याच १९७८ साली नंदिनी सत्पथी प्रकरणात हे बजावले होते. एका माजी मुख्यमंत्री स्त्रीसाठी आठवलेले कलम मजूर मुलीसाठी आठवले नाही. पत्रलेखक आवाज चढवत नाहीत. वर्गात मुलांची वही तपासणाऱ्या मास्तरासारखे ते ओळीओळीला खूण करीत जातात.

त्या पत्रापाठोपाठ रस्त्यावरची चळवळ उभी राहिली. ८ मार्च १९८० रोजी मुंबईसह अनेक शहरांत स्त्रियांनी खटला पुन्हा उघडावा म्हणून मोर्चे काढले. नागपुरात प्रा. सीमा साखरे यांनी हा विषय धरून ठेवला व त्यांच्या स्त्री अत्याचार विरोधी परिषदेने पुढे कितीतरी बायकांना साथ दिली. खटला काही उघडला नाही. पण १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला, आणि तिथे स्त्री ‘माझी संमती नव्हती’ असे म्हणाली तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे पुरावा कायद्यात आले. कायद्याने पहिल्यांदा तिच्या ‘मी’वर आधी विश्वास ठेवायचे कबूल केले. २०१३ साली आणखी एक भर पडली. अशा गुन्ह्याची खबर नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी सांगितली गेली.

पत्रातही एक उणीव आहे, ती सांगितली पाहिजे. चौघांनी त्या मुलीसाठी लिहिले, तिच्याविषयी लिहिले. तिचा आवाज त्यातही नाही. ती त्यांची चूक म्हणता येणार नाही, निकालपत्रावरचे भाष्य तसेच असणार. पण याच सुमाराला ललित लेखन काय करीत होते?

योगायोग पाहा. निकालाच्याच १९७८ साली महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ ही बंगाली कथा ‘अग्निगर्भ’ संग्रहात आली. १९८० साली गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ आला. पटकथा विजय तेंडुलकरांची. १९८१ साली तेंडुलकरांचेच ‘कमला’ रंगभूमीवर आले. तीन वर्षांत तीन आदिवासी स्त्रिया आपल्यासमोर उभ्या राहिल्या. पैकी द्रौपदी बोलते आणि काय बोलते! अत्याचारानंतर ती लाज झाकायला नकार देते आणि सशस्त्र सेनानायक तिच्या देहासमोर भेदरतो. कथा म्हणून तिचा शेवट अजोड आहे, यात वाद नाही. तरीही माझ्या मनात एक शंका राहते. ती मिथक झाली. मिथक झालेल्या स्त्रीला फिर्याद द्यावी लागत नाही. सौंसरच्या बाजारातून परतताना मार खाल्लेल्या मजूर बाईने उद्या ठाण्यात जाऊन काय म्हणायचे, याचे उत्तर महाश्वेताबाईंकडे मागणे अन्याय होईल. पण ते कुठेतरी मागायला हवे.

‘आक्रोश’मधली नागी तर मेलेलीच आहे. ती दिसते ती आठवणींतून. तिचा नवरा लहान्या भिकू जवळजवळ अखेरपर्यंत एक शब्द बोलत नाही, आणि त्याचा वकील भास्कर कुलकर्णी त्याच्या मौनाशी झटत राहतो. अत्याचार करणारे गावचे बडे लोक. पोलिसांचा साहेब त्यांच्याच पत्त्यांच्या डावाला. (आपले महेश एलकुंचवार यात सामाजिक कार्यकर्त्याच्या भूमिकेत आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) चित्रपट निर्भीड आहे. त्याचा एक परिणाम मात्र असा झाला की आदिवासी म्हणजे मौन, आणि वकील, पत्रकार, कार्यकर्ता म्हणजे वाचा, हे समीकरण मराठी मनात घट्ट बसले. तेंडुलकरांना हे समीकरण खुपत असावे, कारण ‘कमला’त त्यांनीच ते उलटे केले. पत्रकार जयसिंग जाधव बाजारातून विकत आणलेल्या कमलाला पत्रकार परिषदेत पुरावा म्हणून उभी करतो. तिच्या बाजूने बोलायचे म्हणून तिलाच वस्तू करतो. घरात मात्र कमला त्याच्या बायकोला विचारते की तुझी किंमत किती पडली. तिचा नाटकातला सर्वांत खरा प्रश्न पत्रकाराच्या कानावर जातच नाही. आदिवासी स्त्रीचा कैवार घेणाऱ्यांनी हे नाटक वर्षातून एकदा तरी वाचावे.

या तिन्हींच्या आधीचे एक पुस्तक मला या बाबतीत अधिक शहाणे वाटते : गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या उठावाची ही हकीकत. वेठबिगारी, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराचे गडी होणे, जमीनदारांनी बायकांवर केलेले अत्याचार, आणि या सगळ्याला पाठीशी घालणारे ठाणे. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे अफवेने जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. गोदावरीबाई स्वतः कायद्याच्या पदवीधर. त्यांच्या झोपड्यांत राहून, त्यांच्याबरोबर खाऊन त्यांनी ते लिहिले. पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे देसाईगंजची रात्र आणि हा पुरस्कार एकाच वर्षातले.

या पुस्तकाचा गुण असा की त्यात भीती जाण्याची प्रक्रिया आहे. भीती एका रात्रीत जात नाही आणि एकट्याची जात नाही. आज एकाने वेठ नाकारली, उद्या दहांनी, मग गावाने. पोलीस वाईटच, हे सांगून त्या थांबत नाहीत. साहेबापुढे मान वर करून कसे उभे राहायचे, याची सवय कशी लागली ते त्या सांगतात. बाहेरून आलेल्या बाईने लिहिल्यामुळे त्यातही आदिवासी स्त्रीचा ‘मी’ नाही. पण ‘आम्ही’ आहे, आणि ‘मी’ पुष्कळदा ‘आम्ही’च्या आडोशानेच उभा राहतो. देसाईगंजात फिर्याद लिहिली गेली ती बाहेरच्या ‘आम्ही’मुळे, हे आपण वर पाहिलेच.

पुढच्या पिढीत आदिवासी स्त्रियांनी स्वतः लेखणी धरली. नजुबाई गावितांची ‘तृष्णा’ आणि उषाकिरण आत्राम यांचा ‘म्होरकी’ हा कवितासंग्रह ही दोन नावे या लेखापुरती पुरेत. म्होरकी म्हणजे बैलाच्या तोंडावर बांधायची दोरी. शब्द उच्चारताना म्होरक्या, म्हणजे पुढारीही, मनात डोकावतो. बांधलेली आणि पुढे चालणारी, दोघी एका शब्दात. शहरी कवीला असा शब्द शोधून सापडणार नाही. या लेखिकांनी जंगल, भूक, घरातला पुरुष, बाहेरचा ठेकेदार यांवर लिहिले आहे. ठाण्याच्या आतली खोली, टेबलामागचा मुन्शी, ‘उद्या ये’ म्हणणे, यावर मराठीत अजून एखाद्या आदिवासी बाईची सविस्तर कादंबरी माझ्या पाहण्यात नाही. ती यावी, अशी या लेखाच्या निमित्ताने इच्छा व्यक्त करतो.

चित्रपटातले एक दृश्य मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०२१ चा तमिळ ‘जय भीम’. इरुलर जमातीची गरोदर सेंगेणी बेपत्ता नवऱ्यासाठी लढते आहे. एकदा पोलीस तिला ठाण्यातून सोडतात आणि गाडीतून घरी पोहोचवायला निघतात. ती गाडीत बसत नाही. पायी चालते आणि पोलिसांची गाडी तिच्या मागे मागे सरकत राहते. चित्रपटाने पुढे सगळे श्रेय वकिलाला दिले आहे, ते तसे देणे धंद्याला धरून आहे. पण विश्वास या शब्दाचा अर्थ त्या पाच मिनिटांत जितका कळतो तितका परिसंवादांतून कळत नाही. ज्यांच्या गाडीत बसले म्हणजे माणूस परत येत नाही हे तिने पाहिले आहे, त्यांनी ती गाडी आज सौजन्याने देऊ केली, एवढ्यावर ती का बसावी?

आणि ही नुसती चित्रपटातली गोष्ट नाही. तामिळनाडूतल्या वाचाती गावात जून १९९२ मध्ये चंदनाच्या चोरीचा शोध म्हणून वन, पोलीस व महसूल खात्याची माणसे शिरली आणि अठरा आदिवासी स्त्रियांवर अत्याचार झाले. निकाल लागला २०११ साली. २६९ आरोपींपैकी ५४ तोवर मेले होते, उरलेले २१५ दोषी ठरले. २०२३ साली उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्याच २०२३ मध्ये आंध्रातल्या वाकापल्ली प्रकरणात, जिथे २००७ साली अकरा कोंध स्त्रियांनी पोलिसांविरुद्ध तक्रार केली होती, आरोपी सुटले. तपासच नीट झाला नाही असे न्यायालयानेच म्हटले आणि स्त्रियांना भरपाई द्यायला सांगितले. म्हणजे त्या खोट्या ठरल्या नाहीत, आणि खऱ्याही ठरू शकल्या नाहीत. सातासमुद्रापलीकडे कॅनडात मूळनिवासी स्त्रियांच्या बेपत्ता होण्याची व खुनांची राष्ट्रीय चौकशी झाली, तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यात न्यायासाठी २३१ मागण्या आहेत. त्या चौकशीत घरच्यांनी आपली हकीकत आपल्या रीतीने सांगितली, काहींनी गाऊन, काहींनी चित्रांतून. सांगणाऱ्याच्या रीतीने ऐकणे, हे आपल्याकडे अजून कोणत्याही आयोगाला सुचलेले दिसत नाही.

विश्वास बसवण्याचे जे प्रयत्न जवळपास चालू आहेत, त्यांतल्या शब्दांकडेही पाहावे. गडचिरोली पोलिसांनी ठाण्याठाण्यांत ‘दादालोरा खिडकी’ उघडली. गोंडीत दादालोरा म्हणजे दादाची, थोरल्या भावाची. तिथे दाखले मिळतात, योजनांचे अर्ज भरून मिळतात. उपक्रम चांगला. ज्या इमारतीकडे माणसे फिरकत नव्हती तिथे कागदासाठी का होईना पावले वळली. नावावर मात्र माझे थोडे भांडण आहे. बाईला पोलीस भाऊ म्हणून नको असतो. भाऊ रागावतो, समजूत घालतो, घरातले घरात मिटव म्हणतो. तिला हवा असतो सरकारी नोकर, जो ओळख नसतानाही नोंद करतो. याच जिल्ह्यात बायकांनी दारूविरुद्ध केलेली चळवळ मला म्हणूनच अधिक बोलकी वाटते. १९९३ ची जिल्ह्याची दारूबंदी, आणि २०१६ पासूनचे ‘मुक्तिपथ’चे काम. तिथे गावच्या बायका एकत्र येऊन पोलिसांकडे जातात, हातभट्टी कुठे आहे ते सांगतात आणि कारवाई झाली की नाही ते पुन्हा विचारायला जातात. या ‘पुन्हा विचारायला’ जाण्यात सगळे नाते आहे.

आपल्या मध्य प्रदेशातला एक अभ्यासही इथे नोंदवण्यासारखा आहे. १८० ठाण्यांपैकी काही ठाण्यांत महिला मदत कक्ष उघडून त्याचा परिणाम अभ्यासकांनी मोजला. २०२२ साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. जिथे कक्ष होता तिथे बायकांच्या तक्रारी अधिक नोंदल्या गेल्या, आणि कक्षावर बाई अधिकारी असली तर विशेष. भिंती रंगवून, फलक लावून हे झाले नाही. ठाण्यात ऐकणारी आणि लिहिणारी बाई बसवली, म्हणून झाले. माझ्या फिर्यादीच्या मुद्द्याला याहून मोठा आधार दुसरा नको.

नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या राज्यात पेसा कायद्याचे नियम लागू झाले. सौंसर आणि पांढुर्णा तहसिलींतले काही पटवारी हलके अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे हा दूरचा विषय नाही. त्या नियमांप्रमाणे अनुसूचित गावात गुन्हा नोंदला की ठाण्याने ग्रामसभेच्या शांती व विवाद निवारण समितीला कळवायचे आहे. गावाला कळणे चांगले. परंतु बाईने तक्रार ज्याच्याविरुद्ध दिली तोच समितीत बसला असेल तर? ‘आम्ही’चा आडोसा इथे उलटा फिरू शकतो. गोदावरीबाईंचा गाव आणि समितीचा गाव एकच नव्हे.

शेवटी पुन्हा कागदाकडे येतो. आपल्याकडच्या रिपोर्टाच्या शेवटी लिहिलेले असते की पढ़कर सुनाई, जैसा बोला वैसा लिखा है. सीमेपलीकडे महाराष्ट्रात त्या जागी ‘वाचून दाखविला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ असे असते. हे वाक्य छापील असल्यासारखे येते आणि त्याखाली अंगठा उठतो. फिर्याद वाचून दाखवावी, प्रत फुकट द्यावी, हे जुन्या कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. वाचून कोणत्या भाषेत दाखवावी, ते त्या कलमात नाही. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत स्त्री दिव्यांग असेल तर दुभाषी द्यावा असे आहे; गोंडी बोलणारीसाठी तशी सोय तिथे लिहिलेली नाही. आमच्याच हायस्कुलातून शिकून गेलेल्या गोंड मुली घरात गोंडी बोलतात, वर्गात मराठी लिहितात आणि तहसील कचेरीत हिंदीत भांडून येतात. ठाण्यात त्या बाईच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला याहून निराळी कोणती पात्रता लागते, ते मला कोणी सांगावे.